घुमट नको, गच्ची हवी



आपल्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांपैकी एका कुटुंबाने शाळेत वेधशाळा उभारण्यासाठी मोठी देणगी देऊ केली आहे, ही आनंदाची वार्ता बहुतेकांच्या कानावर आलीच असेल. शाळेच्या गच्चीवर पांढरा घुमट, आत मोठी दुर्बीण आणि दाराशी पाटी, असा प्रस्ताव आहे. येत्या बैठकीत त्यावर निर्णय व्हायचा आहे. माझे मत मी बैठकीत मांडणारच आहे. परंतु प्रश्न मुलांचा आहे, म्हणून ते आधी आपणा सर्वांसमोर ठेवावे असे वाटले.

मत थोडक्यात सांगते. देणगी कृतज्ञतापूर्वक स्वीकारावी, पण घुमट बांधू नये. त्या रकमेतून मुलांच्या घरच्या गच्च्यांवर छोट्या वेधशाळा उभ्या राहाव्यात.

कारण अगदी साधे आहे. आपली शाळा सकाळी भरते आणि दुपारी सुटते, तारे मात्र संध्याकाळनंतर निघतात. शाळेतला घुमट उघडायचा म्हणजे चौकीदार हवा, दोन शिक्षक हवेत, पालकांची लेखी परवानगी हवी, मुलींना घरी पोहोचवण्याची व्यवस्था हवी. हे सगळे जुळवून वर्षातून किती रात्री पदरात पडतील? चार, फार तर सहा. त्यातही आपल्या माळव्यात जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत ढगांचे राज्य. उरलेले दिवस कुलूप. एका शाळेच्या गच्चीवरचा असा घुमट मी पाहिला आहे. आत कबुतरांची वस्ती होती आणि दुर्बिणीच्या भिंगावर बुरशी. दोष कोणाचाच नव्हता. रात्री तिथे कोणी राहात नव्हते, एवढेच.

आकाश पाहणे हे रियाजासारखे आहे. आठवड्यातून चार वेळा दहा-दहा मिनिटे पाहिले तर डोळा तयार होतो. वर्षातून एकदा रांगेत उभे राहून अर्धा मिनिट शनी पाहिला तर "वा!" एवढेच तोंडून निघते. त्या "वा!"ची किंमत मी कमी लेखत नाही. साडेसातीच्या नावाने घाबरणाऱ्या घरातले मूल शनीची कडी स्वतःच्या डोळ्यांनी बघते, तेव्हा त्याच्या मनातली एक भीती कायमची जाते. पण तिथून पुढे जायचे असेल तर दुर्बीण मुलाच्या उशापाशी हवी.

घरच्या वेधशाळेतून काय साधते, असे कोणी विचारील. इतिहास पाहा. १७८१ च्या मार्चमध्ये इंग्लंडमधल्या बाथ गावी विल्यम हर्शेल नावाच्या संगीतशिक्षकाने घराच्या मागच्या बागेतून, स्वतः आरसा घासून बनवलेल्या सुमारे सहा इंची दुर्बिणीतून युरेनस शोधला. त्यांची बहीण कॅरोलिन त्यांना मदत करता करता स्वतः निरीक्षक झाली आणि तिने आठ धूमकेतू शोधले. मुलींनो, हे लक्षात ठेवा.

आपल्या देशातही ही परंपरा आहे. विशाखापट्टणमला गोडे व्यंकट जग्गाराव यांनी १८४० च्या सुमारास आपल्या घराच्या आवारात वेधशाळा उभारली आणि पुढे त्यांचे जावई नरसिंगराव यांनी ती चालवली. जिथे मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहात आली आहेत, त्या हैदराबादेत नवाब जफर जंग यांनी १९०१ साली स्वतःच्या जागेत पंधरा इंची दुर्बीण बसवली. त्यांच्या निधनानंतर तीच निजामिया वेधशाळा झाली आणि तिने ताऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय सूचीसाठी लाखो ताऱ्यांची स्थाने मोजली. ही श्रीमंतांची उदाहरणे झाली. जेसोरचे राधागोविंद चंद्र हे तर सरकारी खजिन्यातले साधे कर्मचारी. शाळेची शेवटची परीक्षा त्यांना कधी पास होता आले नाही. १९१२ साली त्यांनी तीन इंची दुर्बीण विकत घेतली आणि तेज बदलणाऱ्या ताऱ्यांच्या तीस हजारांहून अधिक नोंदी केल्या. अमेरिकेतल्या रूपविकारी तारे पाहणाऱ्या निरीक्षकांच्या संघाने त्यांना १९२६ मध्ये सहा इंची दुर्बीण पाठवली. परीक्षेत मार्क कमी पडले म्हणून खचणाऱ्या मुलांना मी हे नाव मुद्दाम सांगते.

आणि हे सारे जुन्या काळातले, आता कुठे, असेही नाही. २० सप्टेंबर २०१६ च्या रात्री अर्जेंटिनातल्या रोसारियो शहरात व्हिक्टर बुसो नावाचे गृहस्थ आपल्या घराच्या गच्चीवरच्या वेधशाळेत नवा कॅमेरा तपासून बघत होते. व्यवसायाने ते कुलपे दुरुस्त करणारे. दुर्बीण सुमारे सोळा इंची. शहराचा उजेड फार, म्हणून त्यांनी एका दीर्घिकेचे वीस-वीस सेकंदांचे अनेक छोटे फोटो घेतले. काही फोटोंनंतर त्यांना एक ठिपका दिसला, जो आधी नव्हता आणि मिनिटागणिक उजळत होता. आठ कोटी प्रकाशवर्षांच्या आसपास असलेला एक तारा फुटत होता आणि त्या स्फोटाचा पहिला उजेड त्यांच्या कॅमेऱ्यात आला होता. जगातल्या मोठमोठ्या दुर्बिणींना ती सुरुवातीची घटका साधली नव्हती. २०१८ साली 'नेचर' या नामांकित नियतकालिकात त्यावरचा शोधनिबंध छापून आला. त्या रात्री योग आला हे खरे. पण योग येण्यासाठी गच्चीवर कोणीतरी असावे लागते.

आता आक्षेपांकडे वळते.

पहिला आक्षेप शहराच्या उजेडाचा. इंदूरच्या आकाशात आकाशगंगा दिसत नाही, हे मान्य. जुने पिवळे दिवे जाऊन पांढरे एलईडी आले, त्याने आकाश आणखीच धुपले. तरी चंद्र, गुरू, शनी, मंगळ, जोडतारे यांना शहराच्या उजेडाने फारसा फरक पडत नाही. रूपविकारी तारेही शहरातून चांगले दिसतात. ययाती समूहातला अल्गोल दर २ दिवस २१ तासांनी मंदावतो आणि पुन्हा उजळतो. हे नुसत्या डोळ्यांनी टिपता येते. २०१९-२० च्या हिवाळ्यात मृगातला काक्षी डोळ्यांदेखत मंद झाला होता. ज्यांनी वहीत नोंद ठेवली, त्यांच्याजवळ त्या घटनेचा स्वतःचा पुरावा आहे.

छायाचित्रणात तर शहरवासीयांना गणिताची मदत मिळते. एका फोटोत ताऱ्याच्या प्रकाशासोबत कॅमेऱ्याची खरखरही येते. एकाच वस्तूचे अनेक फोटो घेऊन संगणकावर एकावर एक रचले, की प्रकाश साचत जातो आणि खरखर तुलनेने कमी होत जाते. सोळा फोटो रचले तर चित्र चौपट स्वच्छ, शंभर रचले तर दहापट. दहावीच्या मुलांनो, हेच ते वर्गमूळ, ज्याचा उपयोग काय असे तुम्ही मला विचारता! तेजोमेघांसाठी फक्त हायड्रोजनचा तांबडा प्रकाश आत सोडणारी गाळणी मिळते. तिने रस्त्यावरच्या दिव्यांचा बराचसा उजेड बाहेर राहतो. ग्रहांसाठी साधा व्हिडिओ घ्यायचा आणि हजारो चौकटींमधून हवा स्थिर असतानाच्या तेवढ्या निवडायच्या. फोटो खोटा सजवण्याचा मोह मात्र टाळायचा. मूळ चौकटी जपून ठेवायच्या आणि काय केले ते लिहून ठेवायचे. प्रयोगवहीचा नियम इथेही तोच.

दुसरा आक्षेप खर्चाचा आणि जागेचा. घुमटाच्या तुलनेत सरकत्या छपराची खोली फार स्वस्त पडते. सुमारे आठ फूट लांब-रुंद खोली, पाच फुटी भिंती, वर हलका पत्रा आणि तो पत्रा रुळांवरून शेजारी सरकणार. बंगल्यांची सरकती फाटके बनवणारा आपला नेहमीचा वेल्डर हे काम करू शकतो. चाके तीच, चॅनल तेच. छप्पर सरकायला शेजारी तेवढीच मोकळी जागा लागते, म्हणजे आठ बाय सोळा फूट गच्ची झाली. घुमटाचे फायदे मी नाकारत नाही. वारा अडतो, दव कमी पडते, शेजारच्या दिव्याची तिरीप आत येत नाही. पण घुमट फिरवावा लागतो, त्याच्या फटींतून पाणी झिरपते आणि एका वेळी आकाशाची एकच फाक दिसते. सरकते छप्पर बाजूला केले, की सगळे आकाश एकदम समोर. आकाश शिकणाऱ्या मुलासाठी हे फार महत्त्वाचे.

ज्यांना खरोखर बांधायचे आहे, त्यांनी काही गोष्टी आधीच जाणून घ्याव्यात. दुर्बिणीचा खांब स्लॅबच्या मधोमध कधीही उभा करू नये. खाली जिथे बीम किंवा कॉलम आहे, तिथेच करावा, आणि त्यासाठी इंजिनिअरला विचारावे. खोलीची फरशी खांबाला चिकटवू नये. नाहीतर कोणी पाऊल टाकले तरी फोटोत तारा हलतो. उत्तरेची बाजू मोकळी ठेवावी, कारण इंदुरात ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम पावणेतेवीस अंश वर असतो आणि शेजारची पाण्याची टाकीसुद्धा तो झाकते. दुर्बिणीचा एक आस बरोबर ध्रुवाकडे रोखावा लागतो, तरच मोटर पृथ्वीच्या फिरण्याची भरपाई करू शकते. ही भरपाई नसेल तर गुरूचे बिंब तीन सेकंदांत स्वतःच्या रुंदीइतके सरकते. गच्ची दिवसभर तापते आणि रात्री उशिरापर्यंत वाफाळते. त्यामुळे चुन्याचा पांढरा थर द्यावा आणि बारीक निरीक्षणे उशिरा करावीत. मे-जूनच्या अंधडात पत्रा उडू नये म्हणून छपराला चारही कोपऱ्यांत कड्या हव्यात. पावसाळ्यात दुर्बीण घरात आणून सिलिका जेलच्या पुड्यांसह डब्यात बंद ठेवावी. विजा चमकत असताना सगळे प्लग काढून ठेवावेत. माकडांचा बंदोबस्त ज्याने त्याने आपापल्या मोहल्ल्याच्या अनुभवाप्रमाणे करावा!

तिसरा आक्षेप आया घेतील: "मॅडम, मुले जागतील, अभ्यास बुडेल." याचे उत्तर मी हसत देते. सराफ्यात रात्री अकरा वाजता भुट्ट्याचा कीस आणि गराडू खायला मुलांना नेणारे आपण इंदूरकर; शनिवारी रात्री तासभर गच्चीवर गेल्याने काय बिघडेल? शिवाय मूल घराबाहेर नाही, डोक्यावरच आहे. आई चहा घेऊन वर जाऊ शकते, आजोबा खुर्ची टाकून बसू शकतात. कोजागरीला दूध आटवून आपण गच्चीवर जातोच. घरच्या वेधशाळेसाठी रोज रात्री जागायची गरज नाही. महिन्यातून अमावास्येच्या आसपासचे दोन शनिवार पुरेत. आणि ज्या आजीला रोहिणी, मृग, आर्द्रा तोंडपाठ आहेत, पण कोणी विचारत नाही, तिलाही विचारणारे कोणी भेटेल.

चौथा आक्षेप सर्वांत वजनदार आहे आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. गच्ची सर्वांकडे नसते. आपल्या शाळेत भाड्याच्या दोन खोल्यांत राहणारी मुले आहेत, फ्लॅटमध्ये राहणारी आहेत. शाळेचा घुमट निदान सर्वांचा असतो. घरच्या वेधशाळा म्हणजे ज्याच्याकडे आहे त्यालाच आणखी द्यायचे, असे होईल का? होऊ शकते, आणि म्हणून माझ्या प्रस्तावाला अटी आहेत.

एक: देणगीचा मोठा हिस्सा सहा इंची साध्या दुर्बिणींसाठी वापरावा. लाकडी पेटीवर फिरणाऱ्या या दुर्बिणींना मोटर नसते, वीज लागत नाही. त्या ग्रंथालयातल्या पुस्तकांसारख्या पंधरा दिवसांसाठी घरी न्यायला मिळाव्यात. बाल्कनी चालते, ओटला चालतो, चाळीचे अंगणही चालते. पुण्याच्या 'आयुका' संस्थेने दुर्बीण बनवण्याच्या कार्यशाळा भरवल्या आहेत. आपले दोन शिक्षक असे प्रशिक्षण घेऊन आले, तर पुढच्या दुर्बिणी मुलेच बनवतील.

दोन: फोटो घेण्याजोगी, सरकत्या छपराची वेधशाळा सुरुवातीला शहराच्या दोन वेगवेगळ्या भागांत, दोन कुटुंबांच्या गच्च्यांवर व्हावी. बांधकामाचा खर्च कुटुंबाचा, दुर्बीण आणि कॅमेरा शाळेच्या मालकीचा. अट ही, की महिन्यातून दोन रात्री जवळपासच्या पाच-सहा मुलांना तिथे प्रवेश असावा आणि त्या घरातली एक बाई मुलींसोबत वर थांबावी. अट मोडली तर दुर्बीण परत.

तीन: शाळेच्या गच्चीवर घुमटाऐवजी एक पक्का खांब आणि त्यावर झाकण, एवढेच असावे. शाळेच्या वेळेत दिसणारा तारा एकच, तो म्हणजे सूर्य. दुर्बिणीतून कागदावर त्याचे बिंब पाडून त्यावरचे डाग रोज काढता येतात. मुलांनो, दुर्बिणीला डोळा लावून सूर्याकडे कधीही पाहायचे नाही, एका क्षणात दृष्टी जाऊ शकते. हे काम शिक्षकांसमोर आणि कागदावरच. शेजारी एक शंकू रोवला, की सावली मोजून दिवस, ऋतू आणि आपले अक्षांश, सगळे हाती येते. दाराची पाटी या खांबावर खुशाल लावावी. रोज वापरात असलेल्या वस्तूवर नाव असणे हा देणगीदारांच्या पूर्वजांचा अधिक मोठा सन्मान आहे.

शंकूचे नाव घेतले की उज्जैन आठवते. सवाई जयसिंगांनी अठराव्या शतकात तिथे वेधशाळा बांधली. काळाच्या ओघात ती मोडकळीस आली आणि १९२३ साली ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारने तिचा जीर्णोद्धार केला. त्या कामात आणि पुढे तिच्या कारभारात गोविंद सदाशिव आपटे हे मराठी ज्योतिर्विद होते. माळव्यात आलेल्या मराठी माणसांनी वाडे आणि मंदिरे बांधली, तशी ही वेधशाळाही सावरली. हा आपला वारसा आहे आणि तो आपल्यापासून तासा-दीड तासाच्या अंतरावर आहे.

शेवटची गोष्ट भाषेची. माझे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. विज्ञान मी दूरदर्शी, बृहस्पति, आकाशगंगा अशा शब्दांत शिकले आणि त्याने माझे काही अडले नाही. पण घरी आई "शर्मिष्ठा बघ, ते ध्रुवमत्स्य बघ" म्हणायची, तेव्हा ते तारे नात्यातले वाटत. आपल्या मुलांची इंग्रजी चांगली होतेच आहे. मराठी मात्र स्वयंपाकघरात आणि सणावारात उरली आहे. तिला एखादे नवे काम दिले नाही तर ती तिथेच थांबेल. शंकर बाळकृष्ण दीक्षित हे शिक्षक होते आणि त्यांनी भारतीय ज्योतिषशास्त्राचा संपूर्ण इतिहास १८९६ साली मराठीत लिहून छापला. डॉ. जयंत नारळीकर बनारसमध्ये, म्हणजे महाराष्ट्राबाहेरच वाढले. तरी २०२५ च्या मे महिन्यात आपल्यातून जाईपर्यंत त्यांनी मराठी वाचकाची साथ सोडली नाही. म्हणून माझी एक विनंतीवजा अट: दुर्बीण घरी नेणाऱ्या प्रत्येक मुलाने निरीक्षणवही मराठीत लिहावी. तारीख, वेळ, आकाशाची स्थिती, काय दिसले, काय दिसले नाही. शुद्धलेखनाचे गुण कापले जाणार नाहीत. उत्तम नोंदी या पत्रिकेत छापू.

विश्वस्त मंडळी, निर्णय आपला आहे आणि तो मला शिरोधार्य असेल. फक्त एक प्रश्न बैठकीत विचारात घ्यावा: पाच वर्षांनी आपल्याला काय मोजायचे आहे, घुमटाची उंची की भरलेल्या निरीक्षणवह्या?

पालकहो, ज्यांची गच्ची मोकळी आहे आणि मन त्याहून मोकळे आहे, त्यांनी दिवाळीच्या सुट्टीपूर्वी वर्गशिक्षकांकडे नाव द्यावे. आणि मुलांनो, तुम्ही दुर्बिणीची वाट पाहू नका. पावसाळा सरला की वही आणि पेन्सिल घेऊन वर जा. अल्गोल नुसत्या डोळ्यांनी दिसतो.

आपली,
प्राचार्या